रात्रीचा राजा आणि सकाळचा बोजा

संध्याकाळी आठचा सुमार. दिवाणखान्यात आजी दूरदर्शन संचासमोर बसलेली असते. मालिकेतील सुनेवर आज अन्याय होतो आहे आणि तो उद्याही होणार आहे, हे तिला पक्के ठाऊक असते. आतल्या खोलीत नातू कानांवर हेडफोन चढवून संगणकासमोर बसलेला असतो. पाने वाढली तरी तो उठत नाही. ‘दिवसभर त्या खेळात डोके खुपसून बसतो, वाया गेला कार्टा,’ असा निकाल आजी देऊन टाकते. ‘रोज तेच तेच रडगाणे काय पाहतेस?’ असा प्रतिनिकाल नातू देतो. आजीने तो खेळ कधी पाहिलेला नसतो आणि नातवाने ती मालिका कधी सलग पाहिलेली नसते. तरीही दोघांची मते ठाम असतात. मध्यमवर्गीय घरांतून मालिका आणि खेळ यांविषयी जी मते सहज फेकली जातात, त्यांतील बहुतेक अशीच, आरोपीची बाजू न ऐकता दिलेल्या निकालासारखी असतात.

वस्तुतः या दोन्ही गोष्टी आपल्याला वाटतात तितक्या परक्या नाहीत. २५ जानेवारी १९८७ रोजी रामानंद सागर यांचे ‘रामायण’ दूरदर्शनवर सुरू झाले, तेव्हा रविवारी सकाळी रस्ते ओस पडत. संचाला हार घालून, उदबत्ती लावून लोक समोर बसत. पुढच्याच वर्षी २ ऑक्टोबरला बी. आर. चोप्रा यांचे ‘महाभारत’ आले. त्याची पटकथा व संवाद राही मासूम रझा यांचे, तर कथाविषयक मार्गदर्शन पं. नरेंद्र शर्मा यांचे होते. तेव्हा ‘टीव्हीने घर बिघडते’ ही तक्रार कोणी केली नाही. कारण त्या अर्ध्या-पाऊण तासाने घर एका खोलीत येत होते आणि कथेला शेवट होता. ९४ भागांत महाभारताचे युद्धही संपले.

मालिकेचे हे रूप नंतर पालटले. आठवड्याची मालिका रोजची झाली. प्रेक्षकसंख्येचा आकडा वाढला की कथा ताणायची, तो घसरला की नायिकेची स्मृती घालवायची किंवा मेलेल्या पात्राला परत आणायचे, असा व्यवहार रूढ झाला. ‘चार दिवस सासूचे’ २००१ मध्ये सुरू झाली आणि २०१३ पर्यंत चालली. नावातले चार दिवस अकरा वर्षे पुरले! कथा संपणे हे जुन्या कथाकाराचे कौशल्य होते. कथा न संपणे ही नव्या व्यवसायाची गरज झाली.

आता नातवाच्या खोलीकडे वळू. तो खेळतो तो भूमिका घेण्याचा खेळ. त्याचा उगम १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या, टेबलाभोवती बसून खेळायच्या खेळात आहे. १९७८ मध्ये इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी केवळ शब्दांतून उभे राहणारे एक जग संगणकावर रचले. त्यात एकाच वेळी अनेक जण वावरू शकत. पुढे चित्रे आली, इंटरनेट आले. २००४ मध्ये आलेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’चे वर्गणीदार २०१० मध्ये एक कोटी वीस लाखांवर पोहोचले. खेळाडू तेथे एक नाव, एक रूप आणि एक स्वभाव धारण करतो, इतरांबरोबर टोळी करतो, मोहिमेवर निघतो. मालिका पाहणारा दुसऱ्याचे दुःख पाहतो; हा खेळणारा स्वतः सोंग घेतो.

आणि सोंग घेणे मराठी माणसाला कोणी शिकवायला नको. दारोदार फिरणारा बहुरूपी, भारुडातली सोंगे आणि तळकोकणातले दशावतार हा सारा आपलाच वारसा. दशावताराच्या आख्यानाला छापील संहिता नसते. कोण कोणते पात्र करणार हे ठरते, कथासूत्र सांगितले जाते आणि संवाद रंगमंचावर समोरच्याचे बोलणे ऐकून उत्स्फूर्त येतात. आजचा भूमिका-खेळ याच जातीचा आहे. परंतु कोकणात या कलावंतांविषयी एक म्हण आहे: ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा.’ रात्रभर इंद्र होऊन गर्जना केलेला माणूस पहाटे मुकुट पेटाऱ्यात ठेवतो, तोंड धुतो आणि पेटारा डोक्यावर घेऊन पुढच्या गावाची वाट धरतो. या म्हणीत कलावंताचे दारिद्र्य आहे, तसेच एक मोठे शहाणपणही आहे. सोंग उतरवता आले पाहिजे.

या एका कसोटीवर मालिका आणि खेळ दोन्ही तपासता येतात. दशावतार पहाटे संपतो, कीर्तन आरतीने संपते, माणसे घरी जातात. रोजच्या मालिकेला पहाट नाही, आणि ऑनलाइन खेळाला तर मुळीच नाही. खेळाडू झोपला तरी ते जग चालू राहते, सोबती पुढे निघून जातात, म्हणून उठवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या अकराव्या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’चा समावेश केला. ते १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. त्यातील लक्षणे पालकांनी नीट समजून घ्यावीत: खेळण्यावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळाला अग्रक्रम मिळणे, नुकसान दिसत असूनही तो चालूच राहणे, आणि हे सारे साधारणतः वर्षभर टिकणे. परीक्षेनंतरच्या सुट्टीत चार दिवस रात्री जागलेला मुलगा या व्याख्येत बसत नाही.

कायद्याने हे सुटेल काय? दक्षिण कोरियाने २०११ मध्ये सोळा वर्षांखालील मुलांना मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत ऑनलाइन खेळांची बंदी केली. ती २०२२ च्या आरंभी मागे घेतली. चीनने २०२१ मध्ये अल्पवयीनांना शुक्रवार, शनिवार, रविवार व सुट्टीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढाच वेळ ठरवून दिला. भारताने ऑगस्ट २०२५ मध्ये केलेला कायदा पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना मनाई करतो. ती आवश्यकच होती. पण मुलगा कोणत्या खेळात, कोणाबरोबर आणि का रमतो, हे कोणताही कायदा त्याच्या आईवडिलांना सांगणार नाही.

हे न कळण्याची किंमत काय असते, ते नॉर्वेतील एका घटनेने जगापुढे आणले. मॅट्स स्टीन या तरुणाला स्नायू क्षीण होत जाण्याचा असाध्य आजार होता. चाकाच्या खुर्चीत बसून तो तासन्‌तास ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ खेळे. आईवडिलांना दुःख हे होते की मुलाला मित्र नाहीत, प्रेम नाही, आयुष्य एकाकी गेले. २०१४ मध्ये पंचविसाव्या वर्षी तो गेला. वडिलांनी त्याच्या अनुदिनीवर निधनाचे वृत्त लिहिले आणि निरनिराळ्या देशांतून पत्रे येऊ लागली. कोणाला त्याने निराशेतून सावरले होते, तर एका आईला स्वमग्न मुलाशी खेळातून जवळीक साधण्याची वाट दाखवली होती. अंत्यविधीला परदेशांतून त्याचे सोबती आले. २०२४ मध्ये त्याच्यावर माहितीपटही निघाला. मायेत काडीचीही उणीव नसलेल्या आईवडिलांना मुलाच्या आयुष्याचा अर्धा भाग त्याच्या मृत्यूनंतर कळला. तोपर्यंत ते खोलीच्या दारातच उभे होते.

अर्थात प्रत्येक बंद खोलीत मॅट्स नसतो. काही खोल्यांत केवळ वेळेची राखरांगोळी असते. पण ते ठरवायला आत जावे लागते. वर उल्लेखिलेल्या बार्टल यांनी १९९६ मध्ये खेळाडूंचे चार प्रकार सांगितले: यश मिळवणारे, नवे प्रदेश शोधणारे, माणसे जोडणारे आणि इतरांना त्रास देण्यात रमणारे. आपला मुलगा यांतला कोणता, एवढा एक प्रश्न जेवणाच्या पानावर निघाला, तरी ‘वाया गेला’ या निकालापेक्षा पुष्कळ अधिक हाती लागेल. शोध घेणाऱ्याला सह्याद्रीतला गड दाखवता येतो, माणसे जोडणाऱ्याला गणेशोत्सवाच्या मंडळात काम देता येते. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने २०२० मध्ये ‘राजी’ हा आपल्या पुराणकथांवर आधारलेला खेळ जगाच्या बाजारात आणला. खेळात रमलेल्या मुलाला खेळ घडवण्याची वाटही दाखवता येते, हे त्यावरून ध्यानात यावे.

मात्र मुलाला सोंग उतरवायला सांगण्याचा अधिकार ते स्वतः उतरवणाऱ्यालाच असतो. दिवाणखान्यातील संच रात्री नऊला बंद होत नसेल, तर आतल्या खोलीतला संगणक बंद व्हावा हा आग्रह कोणत्या तोंडाने करायचा? घरात एक वेळ ठरावी, ती आजीलाही लागू असावी आणि नातवालाही. त्या वेळी आजीने नातवाला त्याच्या मोहिमेची हकिकत विचारावी आणि नातवाने सुनेची खुशाली. दोघांचेही मत कदाचित बदलणार नाही; पण निकाल देण्यापूर्वी साक्ष तरी झालेली असेल.