सैल न्यूट्रलची किंमत

उन्हाळ्यातली संध्याकाळ. एका घरातला दिवा मिणमिणू लागतो आणि त्याच वेळी शेजारच्या घरातला डोळे दिपवण्याइतका उजळतो. थोड्या वेळाने त्या दुसऱ्या घरातल्या टीव्हीतून जळका वास येतो. ‘व्होल्टेज वाढलं,’ असे म्हणून आपण वीज कंपनीला बोल लावतो. पण अनेकदा मूळ असते आपल्याच मीटरखोलीतल्या एका सैल नटात.

रोहित्राकडून इमारतीत चार तारा येतात. तीन फेज आणि एक न्यूट्रल. घराघरांत एकेक फेज वाटलेला असतो, न्यूट्रल मात्र सर्वांचा सामाईक. फेज आणि न्यूट्रल यांत २३० व्होल्ट असतात, दोन फेजमध्ये ४००. तिन्ही फेजचे प्रवाह एकमेकांच्या मागे एक-तृतीयांश आवर्तनाने धावतात, म्हणून तिन्हींवर सारख्याच जातीचा ३०-३० अँपिअर भार असेल तर न्यूट्रलमध्ये त्यांची बेरीज शून्य होते. तोच भार ४०, २०, २० असा असेल तर न्यूट्रलमधून २० अँपिअर परततात.

आता हा सामाईक न्यूट्रल निसटला असे समजा. प्रवाहाला परतायची वाट उरत नाही, मग तो एका घरातून शिरून दुसऱ्या फेजवरच्या घरातून बाहेर पडतो. एकीकडे २,००० वॉटचा गीझर आणि दुसरीकडे जेमतेम १०० वॉटचे पंखे-दिवे असतील, तर ४०० पैकी जवळपास ३८० व्होल्ट त्या बिचाऱ्या पंख्यांच्या वाट्याला येतात. कमी वीज वापरणाऱ्यालाच शिक्षा! एमसीबी जादा प्रवाह ओळखतो, जादा व्होल्टेज नव्हे. त्यामुळे तो बहुधा गप्पच राहतो.

न्यूट्रल तापून सैल होण्यात आपलाही हात असतो. एक फेज गेला की खटका फिरवून सगळे घर दुसऱ्या फेजवर टाकायचे आणि वीज आल्यावर परत फिरवायला विसरायचे, ही आपली जुनी खोड. त्यात एलईडी दिवे आणि संगणक यांची भर. त्यांच्या प्रवाहात १५० हर्ट्झचा एक अंश असतो आणि तिन्ही फेजमधला हा अंश न्यूट्रलमध्ये एकमेकांना खोडत नाही, त्याची चक्क बेरीज होते. भार अगदी समान वाटला तरी न्यूट्रल तापतो. ‘न्यूट्रलला बारीक वायर चालते’ हा सल्ला म्हणूनच आता कालबाह्य समजावा.

सोसायटीच्या सभेत रंगकामावर तासभर वाद होतो, मीटरखोलीवर पाच मिनिटेही नाही. माझे मत असे, की दरवर्षी मार्चमध्ये, एसी सुरू होण्याआधी, परवानाधारक वायरमनकडून न्यूट्रलचे सांधे आवळून घ्यावेत. रात्री नऊच्या सुमारास, ऐन भारात, क्लॅम्प मीटरने तिन्ही फेज आणि न्यूट्रल असे चारही आकडे मोजून वहीत लिहून ठेवायला लावावेत. एखादा फेज फारच वाकला असेल तर दोन-चार घरे हलवता येतात. आणि न्यूट्रलवर वेगळा फ्यूज आढळला तर तो त्याच दिवशी काढायला सांगा.