टक्के तेच, जागा कुठे गेल्या?

नांदेड-लातूरच्या मैदानांवर पहाटे धावणाऱ्या आमच्या मुलामुलींसमोर कारागृह शिपाईपदाचे गणित मांडणे आम्हाला गरजेचे वाटते. २०२४ च्या पोलीस भरतीत राज्यात १७,४७१ जागा होत्या. त्यांत कारागृह शिपायांच्या १,८००. ऑगस्ट २०२५ मध्ये राज्य सरकारने १५,६३१ पदांना मंजुरी दिली. त्यांत कारागृह शिपाई अवघे ५८०! अनुसूचित जातींचे १३ टक्के कायम आहेत. पण १,८०० चे १३ टक्के २३४ होतात, ५८० चे ७५. आरक्षणाला हात न लावताही आरक्षण आटते, ते असे.

मागच्या भरतीत जागा भरल्या, असे सांगितले जाईल. मग २०२२ अखेर देशातील तुरुंगांत क्षमतेच्या १३१ टक्के बंदी होते, त्याचे काय? शिवाय प्रश्न केवळ पगाराचा नाही. बंद्यांना जात पाहून झाडलोट आणि स्वयंपाक वाटून देणारे नियम सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी घटनाबाह्य ठरवले. तो निकाल बराकीत अमलात आणायचा आहे शिपायानेच. तिथे आमची माणसे नकोत काय?

बारावी झालेल्या तरुणांनो, ५० गुणांच्या मैदानाबरोबर १०० गुणांच्या लेखी परीक्षेचीही तयारी ठेवा. आणि संघटनांनी रिक्त पदांचा व अनुशेषाचा हिशेब सरकारकडे मागावा!