अंगी लागेल ते अन्न

शाळा उघडून जेमतेम दोन-तीन दिवस झालेले असतात. आचोळे रस्त्यावर सकाळच्या रिक्षांत दप्तरे पुन्हा कोंबलेली दिसतात, डब्यात काय द्यायचे याची घराघरांत पुन्हा विचारणा सुरू होते, आणि नेमका त्याच सुमारास १८ जून येतो. हा डॉ. कमला सोहोनी यांचा जन्मदिवस. दुर्गाबाई भागवतांच्या या धाकट्या भगिनी १९११ साली इंदूरला जन्मल्या. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ. कमलाबाईंनी आयुष्यभर एकच प्रश्न धसास लावला: साध्या माणसाच्या ताटात जे पडते, त्यातले त्याच्या अंगी किती लागते? नालासोपारा पूर्वेला चाळी आणि इमारतींच्या दाटीत वाढलेल्या आचोळ्यासारख्या वस्तीला या प्रश्नाइतका जवळचा प्रश्न दुसरा नाही. म्हणून हा जन्मदिवस आपण आपला मानायला हवा.

त्यांच्या वाटेतले काटे सर्वांना ठाऊक आहेत, तरी ते पुन्हा सांगायला हवेत. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. उत्तम गुणांनी पार करून त्यांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. संचालक होते नोबेलविजेते सी. व्ही. रामन. मुलगी आहे एवढ्याच कारणावरून त्यांनी नकार दिला. कमलाबाई हटल्या नाहीत. अखेर प्रवेश मिळाला तो अपमानास्पद अटींवर: वर्षभर उमेदवारी, आणि संस्थेतल्या वातावरणाला बाधा येऊ द्यायची नाही. त्या अटी त्यांनी सोसल्या आणि एम. श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम केले. त्या कामाने रामन यांचेही मत पालटले आणि पुढच्या मुलींसाठी संस्थेचे दार उघडले. कडधान्यांचा विषय मात्र कमलाबाईंनी तेव्हा हाती धरला तो पुढे सोडला नाही.

तिथून त्या केंब्रिजला गेल्या. जीवनसत्त्वांच्या शोधाबद्दल १९२९ चे नोबेल मिळवलेले फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स तिथल्या जीवरसायन विभागाचे प्रमुख होते. बटाट्यावर काम करताना कमलाबाईंना दिसले की वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी हे श्वसनसाखळीतले प्रथिन असते आणि पेशीतल्या ऑक्सिडीकरणात ते भाग घेते. या कामावर त्यांना १९३९ साली पीएच.डी. मिळाली. विज्ञानात हा मान मिळवणाऱ्या अगदी पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते.

त्या शोधाचा एक धागा फार पुढे जाऊन आपल्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचतो. वनस्पती 'क' जीवनसत्त्व कसे घडवतात, याचा मुख्य मार्ग इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी १९९८ च्या मे महिन्यात मांडला. त्यानंतर महिन्याभरात, २८ जूनला, कमलाबाई गेल्या. त्या मार्गातली शेवटची पायरी ज्या विकराच्या हाती असते, तो पेशीच्या मायटोकाँड्रियात बसलेला असतो आणि आपले इलेक्ट्रॉन सायटोक्रोम सी कडेच सोपवतो. कमलाबाईंनी वनस्पतींत दाखवलेले हे प्रथिन श्वासासाठी जसे लागते, तसेच जीवनसत्त्व घडवण्यासाठीही लागते. माणसाला हे कसब नाही. आपल्या पूर्वजांत कोट्यवधी वर्षांपूर्वी एक जनुक निकामी झाले आणि 'क' जीवनसत्त्वासाठी आपण कायमचे झाडापाल्याचे ऋणी झालो. कोरड्या कडधान्यात हे जीवनसत्त्व जवळजवळ नसते. तेच दाणे भिजवून फडक्यात बांधून ठेवले, की मोडाबरोबर दाण्यात ते तयार होऊ लागते. कोणतीही गोळी न घेता, एक-दोन दिवसांत, ओट्यावर हे घडते.

कमलाबाई १९४९ पासून मुंबईच्या विज्ञान संस्थेत जीवरसायनाच्या प्राध्यापक होत्या. तिथे त्यांनी कडधान्यांच्या दुसऱ्या बाजूकडे लक्ष वळवले. भारतीय खाद्यपदार्थांतील ट्रिप्सिनरोधकांवरचा त्यांचा आणि ए. पी. भांडारकर यांचा लेख १९५४ चा. पुढच्याच वर्षी के. एस. आंबे यांच्यासह त्यांनी 'नेचर' या जगप्रसिद्ध नियतकालिकात वालातून आणि डबल बीनमधून स्फटिकरूपात वेगळ्या केलेल्या ट्रिप्सिनरोधकांची माहिती दिली. वाल म्हणजे आपलाच वाल. भातकापणीनंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर कोकणात घेतात तो.

ट्रिप्सिन हा आतड्यात काम करणारा विकर. अन्नातल्या प्रथिनांच्या साखळीचे तो ठरावीक जागी तुकडे करतो, म्हणून ती पचतात. कच्च्या वालातले हे रोधक प्रथिन ट्रिप्सिनच्या नेमक्या कामाच्या खाचेत जाऊन बसते, कुलपात चुकीची किल्ली अडकून बसावी तसे. विकर जागच्या जागी अडकतो, आणि पोटात गेलेली प्रथिने पुरती न पचताच पुढे जातात. प्रयोगशाळेत कच्च्या कडधान्यांवर ठेवलेल्या उंदरांची वाढ खुंटते, त्यामागे हे एक मोठे कारण आहे. दाण्यात प्रथिने भरपूर असूनही शरीर उपाशी राहू शकते, ही गोष्ट या संशोधनाने आपल्या रोजच्या धान्याच्या संदर्भात दाखवून दिली.

आता आपल्याकडचे वालाचे बिरडे पाहा. वाल रात्रभर भिजवायचे, पाणी काढून टाकायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा बोटांत दाबून साल काढायची आणि मग पाणी घालून मंद आचेवर शिजवायचे. भिजवण्यात आणि मोड येण्यात रोधकाचा जोर थोडा उतरतो, ओल्या उष्णतेत तो बहुतांशी निकामी होतो. शिजवताना 'क' जीवनसत्त्वही काही प्रमाणात जाते, हेही खरे. म्हणून मुगा-मटकीचे मोड फार वेळ रटरटवू नयेत, वाल मात्र नीट शिजवावा, आणि कोणत्याही उसळीवर लिंबू ताटात वाढताना पिळावे. त्या लिंबामुळे कडधान्यातले लोह शरीरात अधिक शोषले जाते. आजीच्या हाताला हे सगळे माहीत होते. त्याचे कारण सांगण्याचे काम कमलाबाईंच्या पिढीने केले.

प्रश्न आहे तो हे ज्ञान जिथे पोहोचायला हवे तिथे पोहोचले का, हा. सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या पोषण आहाराचा निकष पहिली ते पाचवीसाठी ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने, सहावी ते आठवीसाठी ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिने असा आहे. २०२४ साली राज्याने आखून दिलेल्या पाककृतींत मोड आलेल्या मटकीची उसळ आणि नाचणीचे सत्त्व आले, हे स्वागतार्हच. पण कागदावरचे १२ ग्रॅम हा वजनकाट्याचा आकडा आहे. मटकीला खरोखर मोड आणले होते का, कडधान्य पुरते शिजले का, मध्यवर्ती स्वयंपाकघरातून डब्यांत भरून आलेले जेवण किती तास तसेच होते, या प्रश्नांच्या उत्तरांवर त्या मुलाच्या अंगी काय लागले ते ठरते. तपासणीच्या वहीत ताटे मोजली जातात. ताटातल्या अन्नाचा कसही तपासला जायला हवा.

कमलाबाई तो कस प्रयोगशाळेबाहेर जाऊन तपासत. राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी ताडमाडांच्या नीरेचा अभ्यास केला. आदिवासी समाजातल्या कुपोषित किशोरवयीन मुलांच्या आणि गर्भवती स्त्रियांच्या आहारात नीरेचा समावेश केल्यावर त्यांची प्रकृती सुधारते, असे त्यांना आढळले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळाला. ताडाची आणि शिंदीची झाडे आपल्या पालघर जिल्ह्याची ओळख, आणि जव्हार-मोखाड्याचे कुपोषण ही त्याच जिल्ह्याची जखम. औषध आणि दुखणे एकाच मातीत असताना त्यांची गाठ घालून देणारी शास्त्रीय दृष्टी किती मोलाची, हे वेगळे सांगायला नको.

संशोधनापाशीच त्या थांबल्या नाहीत. १९६६ साली मुंबईत स्थापन झालेल्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडियाच्या संस्थापक स्त्रियांपैकी त्या एक. संस्थेच्या 'कीमत' या नियतकालिकात त्यांनी ग्राहकांसाठी लेख लिहिले, आणि घरच्या घरी भेसळ ओळखता यावी यासाठी खटपट केली. गृहिणीच्या हातात परीक्षानळी देण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

त्यांच्या जन्मदिवशी वसई-विरारने तीन गोष्टी मनावर घ्याव्यात. शाळांत आहार शिजवणाऱ्या बायांना कडधान्य भिजवण्या-मोडवण्या-शिजवण्यामागचे विज्ञान कामाच्या वेळेत, मानधन देऊन शिकवावे. आहार समितीत बसणाऱ्या पालकांनी ताटांच्या आकड्याबरोबर मोड आणि शिजणे याचीही नोंद मागावी. आणि इथल्या महाविद्यालयांतल्या रसायन आणि जीवशास्त्र विभागांनी शाळेतल्या जेवणाचे नमुने विद्यार्थ्यांकडून तपासून घेऊन निकाल गावासमोर ठेवावेत. 'क' जीवनसत्त्व मोजण्याचे अनुमापन पदवीच्या प्रयोगशाळेत होण्यासारखे आहे. त्याला लाखोंची यंत्रे लागत नाहीत. लागते ती आपल्या वस्तीतल्या मुलाच्या ताटाविषयी आस्था.

बंगळुरूच्या विज्ञान संस्थेच्या दारात एका मुलीला अडवले गेले होते. आज आचोळ्यातल्या शेकडो मुलींना विज्ञानाचे दार उघडे आहे, पण त्यांच्या रक्तात लोह आणि ताटात पचणारे प्रथिन नसेल तर त्या दारापर्यंत चालत जायचे बळ कुठून आणतील? डॉ. कमला सोहोनींना अभिवादन करायचे असेल तर ते हाराफुलांनी होणार नाही. या जूनमध्ये शाळेच्या पहिल्या घंटेपासून, प्रत्येक मुलाच्या ताटात अंगी लागणारे अन्न पडते की नाही हे आपण रोज, न कंटाळता तपासू, तर ते अभिवादन त्यांना शोभेल.