गावकुसाबाहेरची मंडळी आणि मराठीचे एक उपेक्षित दप्तर

अँग्लिकन चर्च म्हटले की बंगळूरसारख्या शहरात राहणाऱ्या मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे छावणी उभी राहते. १८०८ साली पायाभरणी झालेले येथील सेंट मार्क्स चर्च मुळात गोऱ्या पलटणीच्या उपासनेसाठी उभारलेले. पुणे, खडकी येथील छावण्यांतही तशीच चर्चे उभी राहिली. साहजिकच हा पंथ राज्यकर्त्यांचा आणि त्याची उपासना इंग्रजीतली, असा समज आपल्याकडे दृढ झाला. मराठी वाचकाच्या स्मरणात या पंथाची आणखी एकच खूण आहे : १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे प्रभृतींच्या पुढे आलेला चहा आणि त्यावरून माजलेले ग्रामण्य. त्या चहाच्या पेल्यावर आपण विपुल लिहिले आहे. त्याच काळात, त्याच पंथाच्या खेड्यांतील मंडळ्यांत दुसरा एक पेला हातोहात फिरू लागला होता. त्याच्याकडे मात्र आपले लक्ष गेलेले नाही.

अठराशे पन्नासच्या सुमारास चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकजवळ शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत वसविली. हिंदी महासागरात इंग्रजी आरमाराने गुलामांच्या गलबतांतून सोडविलेली आफ्रिकी मुले येथे शिकली. त्यांपैकीच जेकब वेनराइट हा डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या मृतदेहासोबत इंग्लंडला गेला आणि १८७४ साली वेस्टमिन्स्टर ॲबीतील दफनाच्या वेळी शवपेटी धरणाऱ्यांत होता. त्या जगप्रसिद्ध प्रसंगाचा एक धागा नाशिकच्या परिसरात येऊन पोचतो, हे किती मराठी वाचकांना ठाऊक असेल? पुढे अठराशे सत्तरनंतर गॉस्पेल प्रसारक सोसायटीने अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यात कार्य वाढविले. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर तेथील महार व मांग कुटुंबे बाप्तिस्म्यासाठी समूहाने पुढे आली, आणि गावकुसाबाहेरच्या वस्त्यांत लहान लहान मंडळ्या उभ्या राहिल्या.

या मंडळ्यांचे नित्य जीवन कसे चाले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. अँग्लिकन व्यवस्थेत पॅरिश म्हणजे एका पाळकाच्या हाती सोपविलेला सीमाबद्ध मुलूख. त्या सीमेच्या आत जन्मणारा, लग्न करणारा आणि मरणारा प्रत्येक जण पाळकाच्या जबाबदारीचा, अशी ही कल्पना आहे. इंग्लंडातील खेड्यात ही सीमा गावाच्या सीमेशी बहुधा जुळत असे. आमच्याकडे गावाची वेस आधीच अस्तित्वात होती आणि मंडळी त्या वेशीच्या बाहेर होती. ज्यांना गावच्या देवळाचा उंबरठा वर्ज्य होता, त्यांच्या वस्तीला आता स्वतःचे उपासनास्थान मिळाले. सकाळी प्रार्थनेला बसलेला माणूस दुपारी वेठीला किंवा बलुत्याच्या कामाला जातच होता. त्याचा गाव बदलला नव्हता; पण त्याच गावात त्याला आणखी एक पत्ता मिळाला होता.

पाळक एक आणि गावे अनेक, हे येथील पॅरिशचे नित्याचे गणित. अँग्लिकन नियमानुसार प्रभुभोजनाचा विधी दीक्षित पाळकानेच चालवावयाचा आणि दृढीकरण बिशपनेच द्यावयाचे. त्यामुळे एरवीच्या रविवारी उपासनेचा भार गावातील धर्मशिक्षकावर पडे. आणि हा धर्मशिक्षक म्हणजे बहुधा शाळेचा मास्तरच. ज्या खोलीत आठवडाभर मुळाक्षरे गिरवली जात, त्याच खोलीत रविवारी प्रातःप्रार्थना होई. मास्तराला उत्स्फूर्त प्रवचनाची मुभा बेताचीच; त्याच्या हाती होता तो मराठीत उतरविलेला प्रार्थनाग्रंथ. पापकबुली, स्तोत्र, जुन्या व नव्या करारातील पाठ, मतांगीकार, राजा व प्रजा यांसाठी विनंत्या, आणि प्रत्येक विनंतीला मंडळीचा एकमुखी प्रतिसाद, असा हा ठरलेला क्रम. निरक्षर माणसांना ही उपासना कानांनी पाठ होत असे.

या ग्रंथाच्या भाषेकडे मराठीच्या अभ्यासकांनी अवश्य पाहिले पाहिजे. मिशनऱ्यांच्या मराठी भाषांतरांमागे बहुधा ब्राह्मण पंडितांचा हात असे. त्यामुळे ती भाषा संस्कृतप्रचुर, लांब वाक्यांची आणि काहीशी अवघडलेली आहे. पण तिचे उच्चारण कोण करीत होते, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. ज्या समाजाला शतकानुशतके संस्कृत शब्द ऐकण्याचाही अधिकार नव्हता, त्या समाजाची स्त्रीपुरुषे दर रविवारी ‘अनुग्रह’, ‘पश्चात्ताप’, ‘सनातन जीवन’ हे शब्द मोठ्याने म्हणू लागली. त्याच वस्तीत ‘पाद्री’ आणि ‘नाताळ’ हे पोर्तुगीजांकडून आलेले शब्द, ‘मंडळी’, ‘कीर्तन’, ‘भजन’ हे संतपरंपरेच्या परिसरातले शब्द आणि ‘बाप्तिस्मा’ हा मूळचा ग्रीक शब्द एकत्र नांदत होते. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे १८९५ साली ख्रिस्ती झाले, ते अमेरिकन मराठी मिशनचे. परंतु त्यांच्या पदांनी मिशनांच्या हद्दी मानल्या नाहीत. छापील प्रार्थनेचे शिस्तबद्ध गद्य आणि अभंग-ओवीच्या वळणाची पदे एकाच तासात म्हणणारी ही उपासना मराठीतील एक स्वतंत्र घडण आहे. ‘हे तर भाषांतर’ एवढ्यावर तिची वासलात लावता येणार नाही. पिढ्यान्‌पिढ्या तोंडी राहिलेले शब्द मूळ कोठून आले, यापेक्षा ते कोणाचे झाले, हे अधिक पाहण्यासारखे असते.

आता त्या दुसऱ्या पेल्याविषयी. प्रभुभोजनात अँग्लिकन प्रथेप्रमाणे एकच पात्र असते आणि सर्वांनी त्याच पात्राला ओठ लावावयाचे असतात. महार आणि मांग यांच्यात परंपरेने अन्नपाण्याचा व्यवहार नव्हता. अशा दोन घरांतील माणसांनी एका कठड्यापाशी गुडघे टेकून एका पेल्यातून प्यावे, हा त्या काळच्या खेड्यात लहानसहान प्रसंग नव्हता. तो सर्वत्र आणि तत्काळ निर्वेधपणे घडला, असे समजण्याचे कारण नाही. जात चर्चच्या दाराशी चपलांसारखी काढून ठेवता येत नाही, हे ख्रिस्ती समाजही जाणतो. तथापि विधीची रचनाच अशी होती की, भेद पाळावयाचा तर प्रत्येक वेळी तो उघडपणे पाळावा लागे. पुण्यातील चहाने सुशिक्षितांना प्रायश्चित्ताच्या प्रश्नात गुंतविले. खेड्यातील पात्राने अशिक्षितांपुढे त्याहून अवघड प्रश्न ठेवला, आणि तोही एकदाच नव्हे, पाळक गावात येईल त्या प्रत्येक वेळी.

‘दुष्काळात अन्नासाठी झालेले ख्रिस्ती’ असा शेरा मारून या साऱ्या इतिहासाला निकालात काढण्याची रीत आपल्याकडे आहे. भूक हे कारण खरेच असेल. भुकेल्या माणसाने आधार शोधावा, यात लाजिरवाणे काय आहे? परंतु दुष्काळ फार तर दाराशी येण्याचे कारण सांगतो. दुष्काळ सरल्यावर नातवंडांपर्यंत रविवारमागून रविवार माणसे प्रार्थनेला का बसत राहिली, हे तो सांगत नाही. त्याचे उत्तर बाप्तिस्मा, लग्न आणि दफन या तीन विधींत शोधावे लागेल. लग्नाआधी तीन रविवारी वधूवरांची नावे मंडळीत जाहीर व्हावयाची. मृताला ठरलेल्या शब्दांत निरोप मिळावयाचा. आणि ते शब्द बिशपसाठी आणि भूमिहीन मजुरासाठी तेच असत.

या तिन्ही विधींची नोंद होत असे. तारीख, नाव, आईबापांची नावे, गाव, धंदा आणि खाली पाळकाची सही. ज्यांची नावे एरवी कोणत्याही दप्तरात क्वचितच आली असती, त्यांची नावे येथे ओळीने आली. आईचे नाव आले, हे तर विशेषच. येथेच आजचा प्रश्न उभा राहतो. कंपनीच्या व पुढे सरकारच्या काळात मुंबई, मद्रास, बंगाल या इलाख्यांतील मुख्यत्वे युरोपीय व अँग्लो-इंडियन ख्रिस्त्यांच्या नोंदींच्या नकला लंडनला पाठविल्या जात; त्या आज ब्रिटिश ग्रंथालयात सुरक्षित आहेत. छावणीतील शिपायाच्या मुलाचा बाप्तिस्मा सातासमुद्रापलीकडे सापडतो. नगरच्या खेड्यातील नोंदवहीला असे दुसरे घर बहुधा लाभले नाही. कपाटातली ती एक प्रत वाळवीने खाल्ली की संपले. पंडिता रमाबाईंचा १८८३ सालचा वाँटेज येथील बाप्तिस्मा आणि नीळकंठशास्त्री गोरे यांचे धर्मांतर यांवर आपण ग्रंथ वाचतो. दोघेही याच पंथात आले. त्यांच्याच पंथातील शेतमजुराचे मात्र ओळीभर नावही आपण सांभाळत नाही.

१९४७ साली दक्षिण भारतीय चर्च आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे उत्तर भारतीय चर्च स्थापन झाले. अँग्लिकन मंडळ्या इतर पंथांबरोबर त्यांत विलीन झाल्या. ही ऐक्याची घटना स्वागतार्हच होती. परंतु जुने पंथनाम गेले, की त्या नावाने ठेवलेल्या कागदांचा धनी कोण, हा प्रश्न हळूहळू धूसर होतो. बंगळूरच्या संयुक्त धर्मशास्त्र महाविद्यालयाने, ज्याची स्थापना १९१० ची, मिशन व चर्चविषयक कागदपत्रांचा संग्रह जतन करून या कामाचा एक मार्ग दाखविला आहे. विद्यापीठांच्या मराठी विभागांनी बिशपक्षेत्रांशी बोलणी करून तसे काम मराठी मंडळ्यांसाठी हाती घ्यावे. मूळ वह्या मंडळीच्याच मालकीच्या राहाव्यात. प्रतिमा मात्र दोन ठिकाणी असाव्यात. प्रार्थनाग्रंथांच्या जुन्या आवृत्त्या गोळा कराव्यात, आणि वृद्धांच्या तोंडी असलेली उपासना ध्वनिमुद्रित व्हावी.

यात एक पथ्य कटाक्षाने पाळावे लागेल. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा प्रथम हिंदूंपुरता ठेवला. पुढे १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती दलित बाहेरच राहिले. २०२२ साली माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली केंद्र सरकारने या प्रश्नावर आयोग नेमला. अशा स्थितीत ज्या नोंदवहीने आजोबाला नाव दिले, तीच नातवाच्या दाखल्याविरुद्ध पुरावा ठरू शकते. म्हणून हयात माणसांची व त्यांच्या नजीकच्या पूर्वजांची नावे अभ्यासाच्या सबबीखाली उघड करण्याचा अधिकार कोणत्याही विद्यापीठाला नाही. जतन आणि प्रकाशन या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली तातडीची आहे, दुसरीला संमतीची वाट पाहता येईल.

ग्रामीण मंडळीचा इतिहास आजवर एक तर मिशनच्या अहवालांत यशाची आकडेवारी म्हणून आला, नाही तर विरोधकांच्या लेखणीतून धर्मांतराचा आरोप म्हणून. दोन्हीकडे तो क्षण बाप्तिस्म्याचाच. त्यानंतरचे शंभर-सव्वाशे वर्षांचे रविवार, पेरणीपूर्वीच्या प्रार्थना, जाहीर झालेली लग्ने, मास्तराच्या आवाजातील पाठ यांना कोणी वाली नाही. हे सारे मराठीत घडले. ते मराठीचे म्हणून सांभाळणे, एवढेच आपल्या हाती आहे, आणि वाळवी आपल्या परिसंवादांची वाट पाहत थांबणार नाही.