जगात जर्मनी, विजेत परभणी

परदेशी नातेवाइकांच्या भेटवस्तू दोन प्रकारच्या असतात. सुवास येणाऱ्या आणि जळका वास येणाऱ्या. पहिल्यांत साबण, अत्तरं वगैरे मोडतात. त्यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. दुसऱ्यांत विजेची उपकरणं येतात आणि त्यांच्याविरुद्ध मात्र मी दंड थोपटून उभा आहे.

२००७ सालच्या डिसेंबरात माझा भाचा न्यू जर्सीहून परभणीला आला. आजीच्या गुडघ्यांसाठी त्याने विजेवर तापणारी, शेकायची पट्टी आणली होती. मऊसूत, निळी, बघूनच निम्मं दुखणं थांबावं अशी. तिच्या चपट्या पिना आमच्या बोर्डात जाईनात. पण भाचा तयारीचा. त्याने बॅगेतून एक पांढरा ठोकळा काढला. "मामा, हे लावलं की जगात काहीही कुठेही चालतं!"

आता हा ठोकळा करतो काय, तर फक्त पिनांचा आकार बदलतो. व्होल्टला तो हातसुद्धा लावत नाही. जावयाला धोतर नेसवलं म्हणून त्याला नांगर धरता येतो असं नाही, एवढी साधी गोष्ट. पण घरात अमेरिका आल्यावर साध्या गोष्टी कुणाला सुचतात?

आई म्हणाली, "छान ऊब लागतीय रे." दोन मिनिटांनी म्हणाली, "जरा जास्तच माया करतंय हे." तिसऱ्या मिनिटाला गोधडीखालून धूर निघाला. आम्ही सगळे एकाच वेळी बोर्डाकडे धावलो आणि दारातच एकमेकांत अडकलो. तेवढ्यात भारनियमनाची वेळ झाली आणि गल्लीची लाईट गेली! पट्टी विझली. ज्या भारनियमनाला मी रोज शिव्या घालत होतो, त्याला त्या दिवशी हात जोडले. गोधडीला भाकरीएवढं भोक पडलं होतं. आईच्या पोटरीवर फोड आला. त्याचा डाग ती असेपर्यंत राहिला.

आणि भाचा काय म्हणाला? "मामा, तुमच्याकडचं व्होल्टेजच गडबड आहे." त्याहून वाईट म्हणजे, आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या! माझं भांडण आहे ते त्या वाक्याशी आणि त्या मानांशी.

गडबड कुणाची, ते बघू. एडिसनने १८८२ साली न्यूयॉर्कमध्ये वीज विकायला सुरुवात केली ती ११० व्होल्टच्या आसपास. अमेरिका त्याच आकड्याभोवती वाढली. आज तिथे घरात १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ असतात. युरोपने पुढे आकडा दुप्पट केला. कारण हिशेबी होतं. व्होल्ट दुप्पट केले की तेवढ्याच कामाला प्रवाह निम्मा लागतो, तार बारीक चालते आणि वाटेत वीज कमी वाया जाते. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. जर्मनीत? २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ! 'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे कुणी अभिमानाने म्हणतं, कुणी टिंगलीने. विजेच्या बाबतीत ते अक्षरशः खरं आहे. आपल्या मराठवाड्यातली पोरं नोकरीला जातात त्या सौदीत कितीतरी वर्षं घरात १२७ व्होल्ट होते. त्यांनीही २०१० साली टप्प्याटप्प्याने २३० वर यायचं ठरवलं. म्हणजे सौदीसुद्धा परभणीच्या वाटेला लागली. वेगळी आहे ती अमेरिका, आणि गडबड मात्र आमची!

संध्याकाळी आमचा बल्ब कधी कधी पेंगतो, हे मला मान्य आहे. पण त्या दिवशी घात झाला तो वीज पुरेपूर असल्यामुळे. तापणाऱ्या तारेला व्होल्ट दुप्पट मिळाले की उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. ५० वॅटची पट्टी आमच्याकडे १८० वॅटच्या वर तापली. ती पट्टी राहिली नाही, तवा झाली.

तेव्हा परदेशस्थ भाचे-पुतण्यांनो, दुकानात किंमत वाचता तसा उपकरणाच्या पाठीवरचा बारीक मजकूरही वाचा. '१००–२४० व्होल्ट, ५०–६० हर्ट्झ' असं असेल तर खुशाल आणा; फोनचे, लॅपटॉपचे चार्जर बहुधा असेच असतात. (आपला चार्जर चालला म्हणून सगळंच चालेल, हा गैरसमज तिथूनच सुरू होतो.) नुसतं '१२० व्होल्ट' असेल तर ते तिथेच राहू द्या. केस वाळवायचं यंत्र, इस्त्री, शेकपट्टी हे तर मुळीच नको. ट्रान्सफॉर्मर लावता येतो, पण तो उपकरणाच्या वॅटला पुरून उरणारा हवा. इस्त्रीसाठी घ्याल तर इस्त्रीपेक्षा तोच जड. शिवाय तो व्होल्ट उतरवतो, हर्ट्झ नाही. विजेच्या हर्ट्झवर चालणारं अमेरिकन घड्याळ इथे तासाला दहा मिनिटं मागे पडतं. परभणीत ते कुणाच्या लक्षात येणार नाही, ही गोष्ट वेगळी.

आणि इथल्या मामा-काकांनो, 'आमची लाईटच तशी' म्हणून मान खाली घालू नका. पाहुण्याला नाही म्हणायची लाज वाटते, पण बोर्डापुढे भीड कामाची नाही.

आईने दुसऱ्या दिवसापासून पुन्हा जाड्या मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून गुडघे शेकायला सुरुवात केली. तिला व्होल्ट लागत नाहीत, हर्ट्झ लागत नाहीत. आणि भारनियमनातही ती चालते.