बिबट्या ‘शेड्यूल टू’मध्ये गेला, तर वस्तीवर नेमकं काय बदलेल?

गेल्या काही महिन्यांपासून पारावर, दूध डेअरीवर आणि व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर एकच वाक्य ऐकायला मिळतंय : ‘बिबट्या शेड्यूल वनमधून काढला, आता मारायला मोकळीक.’

हे खरं नाही. राज्य सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये बिबट्याला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची एकमधून अनुसूची दोनमध्ये टाकावं, असा प्रस्ताव केंद्राकडे पाठवायचं ठरवलं, एवढंच खरं. अनुसूचीत बदल करायचा अधिकार केंद्र सरकारचा आहे आणि त्याची रीतसर अधिसूचना निघावी लागते. ती निघायच्या आधी नुसत्या घोषणेच्या जोरावर कुणी फासकी लावली किंवा विषाचं मटण टाकलं, तर कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सात वर्षं जेल आणि वर किमान पंचवीस हजार दंड. म्हणून आधी एवढं डोक्यात पक्कं बसू द्या.

पण प्रस्ताव उगाच आलेला नाही. शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात ऑक्टोबर २०२५ च्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे तीन आठवड्यांत, तीन माणसं गेली. त्यात दोन लेकरं आणि एक आजी. लोकांचा संयम सुटला. वनखात्याची गाडी जाळली, पुणे-नाशिक महामार्ग अडवला. त्यानंतर परवानगी आली, नेमबाज आले आणि बिबट्या गोळी घालून ठार केला.

आता इथं थोडं थांबून विचार करा. तो बिबट्या मारला गेला तेव्हा तो अनुसूची एकमध्येच होता. म्हणजे नरभक्षक बिबट्या मारायला कायद्याची आडकाठी आहे असं जे सांगितलं जातं, ते अर्धंच खरं. १९७२ च्या या कायद्याच्या कलम ११ प्रमाणे अनुसूची एकमधला प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक झाला, तर त्याला मारायची लेखी परवानगी देता येते. फक्त दोन अटी आहेत. त्याला आधी पकडता येत नाही, बेशुद्ध करता येत नाही, दुसरीकडे हलवता येत नाही, याची खात्री झाली पाहिजे. आणि ही परवानगी राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकानेच द्यायची. ते कार्यालय नागपूरला. राज्यातल्या इतर बऱ्याच अधिकारांची खालच्या साहेबाकडे वाटणी करता येते, पण हा एक अधिकार कायद्याने मुद्दाम वर अडकवून ठेवलाय.

दुसरी गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. या कायद्यात ‘शिकार’ म्हणजे फक्त मारणं नाही. पकडणं, सापळ्यात अडकवणं, आमिष दाखवणं, हाकलणं, हे सगळं शिकारीच्या व्याख्येत येतं. म्हणजे शेळी बांधून पिंजरा लावणं ही कायद्याच्या भाषेत शिकारच. त्यामुळे वस्तीवर बिबट्या रोज फिरतोय, कुत्री उचलतोय, बाया-माणसं संध्याकाळी दार लावून बसतात, आणि आपण म्हणतो ‘साहेब, पिंजरा तरी लावा’, तर तेवढ्या कामालाही वरचा कागद लागतो. गावाला वाटतं फॉरेस्टवाले टाळाटाळ करतात. काही वेळा करतातही. पण बिचाऱ्या वनरक्षकाच्या हातात खरोखर काही नसतं, हेही तितकंच खरं.

अनुसूची दोनमध्ये गेल्यावर फरक पडेल तो इथं. त्या यादीतल्या प्राण्यासाठी मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्याने नेमलेला अधिकारी परवानगी देऊ शकतो. सही जिल्ह्याच्या किंवा विभागाच्या पातळीवर आली, तर पिंजऱ्याचे चार-आठ दिवस वाचतील. कारणही वाढतं. माणसाच्या जिवाबरोबर मालमत्तेचं नुकसान, उभ्या पिकाचं नुकसान, हेही धरता येतं. माझ्या मते या प्रस्तावात आपल्या फायद्याचं जे आहे, ते एवढंच आहे. ते लहान नाही. पण शेतकऱ्याच्या हातात बंदूक येते, असं त्यात कुठंही नाही. परवानगी लेखीच, कारणासहितच, आणि ठरावीक प्राण्यापुरतीच.

अनुसूची दोन म्हणजे काय, हे बघायचं तर लांब जायला नको. रानडुक्कर बघा. रानडुक्कर अनुसूची दोनमध्येच आहे. २०२२ च्या दुरुस्तीआधी सहा अनुसूच्या होत्या तेव्हा तर ते तीनमध्ये होतं, म्हणजे आणखी खाली. २०१५ मध्ये राज्य सरकारने रानडुक्कर आणि रोही मारायला परवानगी कशी द्यायची, याची पद्धतही ठरवून दिली. दहा वर्षं झाली. तुमच्या गावात या परवानगीने किती डुकरं मारली गेली, हाताची बोटं मोजून सांगा. मी भुईमूग लावायचा सोडून तीन वर्षं झाली. मका लावला तर कणसं भरायच्या वेळेला रात्रभर पत्र्याचा डबा वाजवत बसायचं.

असं का झालं? परवानगी कागदावर मिळते, पण मारणार कोण? परवान्याची बंदूक गावात एखाद्याकडे, तीही निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा. आपल्याकडे निवडणुकांचं काय, एक संपते तोवर दुसरी लागते. अर्ज द्यायचा, नुकसानीचा पंचनामा करायचा, बंदूकवाला शोधायचा, मेलेल्या डुकराची विल्हेवाट खात्याच्या समोर लावायची. तोवर पीक गेलेलं असतं. शेवटी माणूस बांधावर जिवंत वायर सोडतो. त्या वायरीला डुक्कर मरतं, कधी बिबट्या मरतो, कधी पहाटे पाणी बघायला गेलेला शेजारचा माणूस मरतो. मग त्या घराचं आणि या घराचं, दोन्ही घरांचं वाटोळं.

म्हणजे अनुसूचीचा आकडा बदलला म्हणून शेतातलं काही बदलत नाही, याचा पुरावा आपल्या बांधावरच आहे. डुकराला जे जमलं नाही, ते बिबट्याला कसं जमणार?

केरळने यात थोडी वेगळी वाट धरली. तिथं २०२२ पासून रानडुकराच्या बाबतीत ग्रामपंचायतीच्या अध्यक्षालाच परवानगी द्यायचा अधिकार दिला आणि परवानाधारक नेमबाजांची यादी तयार ठेवली. म्हणजे सही आणि बंदूक, दोन्ही गावाजवळ आणलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये तर तिथल्या विधानसभेने केंद्राच्या कायद्यात दुरुस्ती करणारं स्वतःचं विधेयक मंजूर केलं. वन्यजीव हा विषय केंद्र आणि राज्य दोघांच्या यादीत असल्यामुळे त्याला राष्ट्रपतींची संमती लागते. केरळचं सगळंच बरोबर आहे असं मी म्हणत नाही. पण आपल्याकडे मागणी करताना ‘शेड्यूल बदला’ एवढंच ओरडायचं की ‘सही कुणाची आणि माणूस कुणाचा’ हे विचारायचं, हे ठरवायला तिथलं उदाहरण कामाचं आहे.

वन्यजीवप्रेमी या प्रस्तावाला विरोध करतात. आपल्याकडे त्यांची टिंगल करायची पद्धत आहे, ‘यांच्या दारात सोडा एखादा’ वगैरे. पण त्यांचं एक म्हणणं ऐकण्यासारखं आहे. कलम ६२ प्रमाणे केंद्र सरकार अनुसूची दोनमधला कोणताही प्राणी ठरावीक भागासाठी, ठरावीक मुदतीसाठी ‘उपद्रवी’ जाहीर करू शकतं. एकदा तसं जाहीर झालं, की त्या मुदतीत त्याला मारायला परवानगीच लागत नाही. बिहारमध्ये रोही आणि रानडुक्कर असे जाहीर झाले होते, तेव्हा २०१६ मध्ये मोकामा भागात बाहेरून नेमबाज आणून अडीचशेच्या आसपास रोही मारले गेले. बिबट्याचं कातडं आणि नखं विकली जातात. रोह्याच्या मागे शेतकरी लागतो, बिबट्याच्या मागे तस्कर लागेल. शिवाय अनुसूची दोनच्या गुन्ह्याला किमान शिक्षेची अट नाही. या टोळ्या गावातल्याच एखाद्या गरीब पोराला दोन-पाच हजार देऊन फासकी लावायला सांगतात, आणि पकडला जातो तो पोरगाच.

आता समजा सगळं सुरळीत झालं. सही लवकर मिळाली, पिंजरा लागला, बिबट्या अडकला. पुढे? त्याला ठेवायचं कुठं? जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे, पण त्याला मर्यादा आहेत. आणि एक बिबट्या धरला की त्याची जागा रिकामी राहत नाही, दुसरा येतो. वीस-बावीस वर्षांपूर्वी जुन्नर भागात धरलेले बिबटे लांबच्या जंगलात नेऊन सोडायचा सपाटा लावला होता. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा दिसलं की सोडासोडीनंतर माणसांवरचे हल्ले कमी न होता वाढले. अनोळखी मुलखात सोडलेला, पिंजऱ्यात दात-नखं दुखावलेला बिबट्या जास्त अडचणीचा ठरतो. त्याच अत्रेयबाईंच्या अकोले तालुक्यातल्या अभ्यासात शेती-वस्तीच्या भागात शंभर चौरस किलोमीटरला पाचेक बिबटे राहत असल्याचं दिसलं होतं. म्हणजे हा जंगलातून वाट चुकून आलेला पाहुणा नाही. तो उसातच जन्मलाय, उसातच वाढलाय.

आणि एकूण बिबटे किती, याचा सरकारकडे धड आकडा नाही. २०२२ च्या देशव्यापी मोजणीत भारतात १३,८७४ आणि महाराष्ट्रात १,९८५ बिबटे असल्याचा अंदाज आला. पण ती मोजणी मुख्यतः जंगलात झाली. आपल्या उसातले बिबटे त्यात नीट धरलेच गेले नाहीत. जे मोजलं नाही ते ‘फार वाढलंय’ असं गावाला अनुभवाने माहीत आहे, पण दिल्लीत फाईल गेली की तिथं अनुभव चालत नाही, आकडा लागतो. माद्यांच्या नसबंदीचा प्रयोग जुन्नरला मोजक्या बिबट्यांवर करायचं ठरलं आहे. त्याचा परिणाम दिसायला वर्षं जातील.

हिवाळी अधिवेशनात वनमंत्री गणेश नाईक यांनी जंगलात शेळ्या सोडायची कल्पना मांडली. चार माणसं मेल्यावर एक कोटी भरपाई देण्यापेक्षा एक कोटीच्या शेळ्या जंगलात सोडा, असा त्यांचा हिशोब. हसू आलं खरं, पण हिशोबातली भरपाई खरी आहे : माणूस गेला तर २५ लाख. काही जण विचारतात, शेड्यूल बदललं तर भरपाई बंद होईल का? भरपाई अनुसूचीवर ठरत नाही. रानडुकराच्या हल्ल्यात माणूस गेला तरी भरपाई मिळतेच. मात्र शेळ्या सोडायच्या त्या जंगलात, आणि बिबट्या आहे आपल्या फडात. तो शेळी खायला डोंगरावर परत का जाईल? त्याला वस्तीवर शेळी, कुत्रं, वासरू सगळं मिळतंय, वर लपायला दहा-बारा महिने ऊस.

मला विचाराल तर बिबट्यापासून माणूस वाचवणारा सगळ्यात मोठा निर्णय वनखात्याकडे नाहीच, तो महावितरणकडे आहे. शेतीच्या पंपाला थ्री फेज लाईट आठवड्यातले निम्मे दिवस रात्री येते. रात्री एक वाजता बॅटरी घेऊन, ओणवं होऊन दारं धरायची. ओणवं झालेलं माणूस बिबट्याला माणूस वाटत नाही, जनावर वाटतं. सौर कृषी वाहिनी योजनेतून दिवसा वीज द्यायचं काम चालू आहे, काही फीडरवर ती आलीही आहे. पण बिबट्याच्या पट्ट्यातली गावं आधी घ्या, असा साधा क्रम लावायला कोणती अनुसूची आडवी येते? आणि ऊसतोड सुरू झाली की तोडणी मजुरांच्या कोप्या अगदी फडाला चिकटून पडतात. पाचटाच्या कोपीला दार नसतं, आत तान्ही पोरं झोपलेली. त्यांच्यासाठी बंदिस्त निवारा आणि उजेड करायचा म्हटलं, तर कारखान्याला न परवडण्यासारखं त्यात काही नाही.

तोडणीत पिल्लं सापडली, तर त्यांना हात लावू नका, फोटोसाठी घरी तर अजिबात आणू नका. खात्याची माणसं आणि डॉक्टर पिल्लं क्रेटमध्ये घालून त्याच जागेवर ठेवतात, रात्री मादी येऊन घेऊन जाते. पिल्लं हलवली तर मादी चवताळून त्याच वस्तीभोवती फिरत राहते.

स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर आल्यावर प्रतिकार करताना बिबट्या मेला, तर तो गुन्हा नाही. हे आजच्याच कायद्यात आहे, त्यासाठी कुठल्या बदलाची वाट बघायची गरज नाही. मात्र मेलेलं जनावर सरकारी मालमत्ता असतं. नख जरी काढून घेतलं, तरी केस होते. आणि पळून जाणाऱ्या बिबट्याला गावाने घेरून मारलं, तर त्याला स्वसंरक्षण म्हणत नाहीत.

डुकराने किंवा रोह्याने पीक खाल्लं, तर खरीप २०२६ पासून पीक विम्यात त्याची सोय होणार, असं केंद्राने जाहीर केलं आहे. ७२ तासांच्या आत विम्याच्या अॅपवर जागेसहित फोटो टाकायचे. यात कोणते प्राणी आणि कोणते भाग धरायचे, ते राज्याने जाहीर करायचं आहे. आपला तालुका त्या यादीत आला का, हे हप्ता भरायच्या आधी कृषी सहायकाला विचारून घ्या. बिबट्या दिसला किंवा जनावर मारलं, तर वनखात्याचा १९२६ हा नंबर लावा आणि वार, वेळ, गट नंबर सांगा. पंचनामा होईपर्यंत मेलेलं जनावर हलवू नका. पिंजऱ्याची मागणी तोंडी करू नका, ग्रामपंचायतीच्या ठरावासह लेखी द्या आणि पोच घ्या. उद्या सहीचा अधिकार खाली आलाच, तर त्या साहेबाच्या टेबलावर सगळ्यात आधी हाच कागद लागणार आहे.