पाळी, लोकल आणि काटा
मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने राबणारा कामगार असो वा आसनगावहून लोकलने मुंबई गाठणारा शहापूरकर कारकून, त्याचा आहारनिश्चय बहुधा आठवड्याच्या मध्यावर वडापावच्या गाडीपाशी ढळतो. त्यातच मीठ, पाणी व पोटातील अन्न यांमुळे वजन दिवसाकाठी किलोभर वरखाली होते, आणि हा चढउतार चरबीचा नसल्याचे ठाऊक नसलेला माणूस काट्यालाच कंटाळतो. म्हणून साप्ताहिक सरासरी, म्हणजे सात सकाळच्या नोंदींची बेरीज भागिले सात, हाच विश्वासार्ह आकडा मानावा. आहाराबाबत, डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी प्रसारित केलेली दिवसातून दोनदाच जेवण्याची पद्धत अनेकांना सोपी वाटते (मधुमेहाची औषधे चालू असल्यास वैद्यकीय सल्ला अनिवार्य). तथापि वडापावच्या गाडीचा मोह टाळण्यास डब्यातली नागलीची भाकरी आणि वालाची उसळ अधिक उपयोगी पडते.